आईंचा ओटा कापला त्याची गोष्ट

प्रिय ब्राह्मी,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसले. रागाने फाडलंस तरी आधी चार ओळी नजरेखालून जातीलच. आत्यांनी तुला कळवलं ते खरं आहे. आईंचा स्वयंपाकघरातला ओटा मी कापला. तेव्हापासून तू माझ्याशी अबोला धरलास, आणि पहिलं बाळंतपण सासरी कोरेगावातच करणार, सांगलीला येणार नाही, असं तुझ्या दादाला, आर्जवला ठणकावलंस. तो तोंड पाडून बसलाय. मला मात्र इथे झालेली गंमत कुणाला सांगू असं झालंय, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

भांडी धुवायचं मशीन घरी आलं आणि ओट्याखाली जाईना. आई किती ठेंगण्या होत्या ते तुला ठाऊक आहे. ओटाही त्यांनी आपल्या उंचीला बेतून घेतलेला. मी लग्न होऊन आल्यापासून त्यापाशी वाकूनच पोळ्या लाटतेय. मशीन त्याहून चार बोटं उंच निघालं. आकाराम गवंडी ग्राइंडर घेऊन आला, काळ्या ग्रॅनाइटवरून हात फिरवत म्हणाला, “वहिनी, दगूड लय चांगला हाय. कापला की परत जुळायचा न्हाई, इचार करा.” मी त्याला थांब म्हणणारच होते, खरं सांगते. तेवढ्यात अण्णा उठले. सासरे आता काय बोलतात म्हणून मी पदर सावरला, तर त्यांनी सिंकशेजारी स्वतःच पेन्सिलने रेघ ओढली आणि म्हणाले, “इथनं काप.” मग अशी धूळ उडाली की आर्जवच्या भुवया पांढऱ्या झाल्या. खिडकीकडची बाजू, जिथे बसवून आई तुझ्या वेण्या घालायच्या, ती तशीच आहे.

पुढचं ऐक. मशीन लावलं, बटण दाबलं, तर ते नुसतं टीं टीं करत राहिलं. पाणीच येईना. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, पाइप सोडवला, आणि आतून ओढून काढलं गाळण्याचं फडकं, चांगली दुहेरी घडी घातलेलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, आणि अण्णा खुर्चीतून शांतपणे म्हणाले, “आपल्या घरात बिनगाळलेलं पाणी कवा वापरलंय? मशीन झालं म्हणून काय झालं?” मेकॅनिक बिचारा आमच्यासारखा जैन नव्हे, त्याला हे प्रकरण समजावता समजावता आर्जवला हसू आवरेना. शेवटी गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतं तिथे गाळणं बांधलं. अण्णा रोज सकाळी जिना चढून ते हलकेच खळबळून येतात. कित्येक दिवसांनी त्यांना इतकं खूश पाहिलं.

आत्या म्हणाल्या, तीन माणसांच्या भांड्यांना मशीन कशाला, नखरे नुसते. त्यांना मी काही बोलले नाही, कारण आधी तुला सांगायचं होतं. आई नाही तर माहेर कुठलं, असं तू आर्जवला म्हणालीस ना? त्याच रात्री आम्ही मशीन ठरवलं. बाळंतिणीचे काढे, खिरीची पातेली, बघायला येणाऱ्यांचे कप, बाळाच्या वाट्या-चमचे, हे सगळं घासत बसले तर तुझ्याजवळ कधी बसणार? मला हात मोकळे हवेत गं. बाळाला तेल लावायला मी आत्यांकडूनच शिकतेय, उशीवर सराव चाललाय, आणि त्या ओरडतातही भरपूर. ऑफिसात रजा टाकलीय. आईंसारखं मला जमणार नाही, पण मी आहे की. रविवारी आर्जव आणि मी गाडी घेऊन येतोय, बॅग भरून ठेव.

तुझ्यावर रागावताच न येणारी, तुझीच
चंदनावहिनी