आठ शेर जोंधळा

प्रिय आक्का,

तुझी खोली रिकामी करायची म्हणून परवा उरलेला जोंधळा आणि तुझं पितळी माप घेऊन खडेबाजारात गेले. तिथून आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. बोलायला तू नाहीस, म्हणून लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. तरी लिहितेय.

पाठ धरते म्हणून हातमाग विकायचा म्हणालीस, ती दुपार आठवते? "किती साठीवलं म्हंजे म्हातारपण निभतंय गं? तू शिकल्याली हाईस, तूच सांग."

शिकलेली! आई गेल्यावर शहापुरात लुगडी विणून मला कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात कुणी धाडलं? गोऱ्या सिस्टरांची फी तुझ्या मागावरून जात होती. आणि मी मात्र मोठ्या तोऱ्यात पेन्सिल काढली.

"महिन्याला जोंधळा किती?"

"आठ शेर."

"बस? चिमणीएवढं खातेस की!"

"चिमणी व्हय मी? मागावर बसून बघ एकदा, मंग कळंल."

मी आठ शेरांची किंमत मांडली. वर भाडं, मीठमिरची, घासलेट. पंधरा वर्षांचे साडेतीनशे रुपये आले. तो आकडा तू माझ्याकडून तीनदा वदवून घेतलास. आणखी दोन वर्षं विणून तेवढे जमवलेस आणि मग माग विकलास. माझ्या शब्दावर!

परवा दुकानदारानं तुझं माप भरून तराजूत ओतलं. म्हणाला, "बाई, ह्यो मापाचा शेर हाय. वजनाचं दोन शेर भरतंय की."

नोकरी लागल्यापासून मी कॅम्पात तराजूनंच धान्य घेतलं. शेर म्हणजे ऐंशी तोळे, हेच वर्गात मुलींकडून घोकून घेतलं. आपल्या गल्लीत शेर मापाचा असतो, हे शहापुरात वाढलेल्या मला आठवू नये? तुझं अर्धं जेवण मी कागदावरच काढून घेतलं, आक्का.

आणि तू! पहिल्याच वर्षी तुला कळलं असणार. बोलली का नाहीस? भाडं कमी करता येईना, म्हणून जोंधळा कमी केलास ना? मी यावं तेव्हा तुझा सोमवार, नाहीतर चतुर्थी, नाहीतर एकादशी. "माझा उपास हाय गं, तू जेव." तुझ्या हातची गरम भाकरी खात मी म्हणाले होते, "इतक्या उपासांना देवसुद्धा कंटाळला असेल." तू तोंडाला पदर लावून हसलीस. ती भाकरी तुझ्या दुसऱ्या दिवसाच्या वाट्याची होती का गं?

अशी सात वर्षं काढलीस. शेवटच्या तापात डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलेलंच नाही. तेव्हाही मी तुलाच रागावले, खात का नव्हतीस म्हणून. मला पेन्शन होती, आक्का! तुझ्या एका शब्दाचं काम होतं. धाकटी चुकली, हे धाकटीला सांगणं इतकं जड गेलं? माझा एवढा मान कशाला राखलास? कुणी सांगितलं होतं?

आज तुझ्या समोरची गंगव्वा आली. मागावर बसून तिचे डोळे अधू झालेत, आता तिलाही माग विकायचाय. म्हणाली, "बाई, आक्कास्नी हिशोब करून दिलासा, तसा मला बी द्या की. त्यास्नी कसली काळजी न्हवती बघा." उद्या ये म्हटलं.

उद्या मी तिला सगळं सांगेन. तुझं काय झालं ते, आणि कुणामुळे झालं तेही. तीस वर्षं शिकवताना 'माझं चुकलं' हे शब्द मी एकदाही उच्चारले नाहीत. तुझ्यापुढे उच्चारायचे राहिले, ते गंगव्वापुढे उच्चारेन. त्यानंतर तिनं माझ्याकडून हिशेब करून घ्यायचा की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.

तुझी धाकटी,
तारा