सीदींच्या दर्ग्यात ठेवायचं बाळ

प्रिय इद्दर,

हे पत्र गाडीवाल्याच्या हाती देते आहे. आधी एवढं वाच: तुझा मुलगा बरा आहे, दूध पितो. इत्तोला मात्र बाळंतपणापासून झोप नाही. म्हणते, हे माझं बाळ नव्हे, जमिनीखालच्या त्या लोकांनी, ज्यांचं नाव घेऊ नये, त्यांनी बदललं. मोरीत उकळतं पाणी ओतताना ती बिस्मिल्ला म्हणायला विसरली होती ना, म्हणून. गावानंही माना डोलावल्या. गावातली जाणती म्हातारी, आपली लाला रबहा सांगते, बाळाला रात्रभर आपल्या पिराच्या, सीदींच्या दर्ग्यात एकटं ठेवा. ते लोक त्यांचं नेतील, आपलं परत देतील. दर्ग्याला दार नाही, आणि बर्फ अजून ओढ्यापर्यंत आहे. माझी सासू सांगायची, तिच्या बहिणीचं बाळ असंच ठेवलं होतं. सकाळी गार पडलेलं मिळालं. लोक म्हणाले, ते त्यांचंच होतं.

खालच्या दवाखान्यातली नर्स सफिया चालत वर आली. आपल्याच भाषेत बोलते. चुलीपाशी बसून तिनं आधी भाकरी खाल्ली, मग बिस्मिल्ला म्हणत मोरीत मीठ टाकलं. रबहानं टोमणा मारलाच, ‘‘तुझ्या गोळ्या बघून ते पळतात होय गं?’’ सफिया म्हणाली, ‘‘नाही लाला, ते तुम्हाला बघून पळतात. गोळी इत्तोच्या झोपेसाठी.’’ रबहासुद्धा हसली. मग सफियानंच सुचवलं, दर्ग्यात जाऊ, पण सगळ्याजणी, दिवसाढवळ्या, बाळ माझ्या मांडीवर. गेलो. तिथं इत्तोनं गोळी घेतली आणि थोडी झोपली. पण एवढ्यानं भागणार नाही. तिला बाळासकट शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं, सफिया सोबत येईल. इत्तोचे भाऊ अडून बसलेत, नवऱ्याच्या शब्दाशिवाय आमची बहीण घाट उतरणार नाही.

तो शब्द तू फोनवरही देशील. पण फोन लागतो तो फक्त दुकानाच्या गच्चीवर; तिथं उभी राहून, साऱ्या गावादेखत, पुढचं मी कसं बोलणार होते? इत्तो दिवसभर मला म्हणते, ‘‘यम्मा, जरा नीट बघा ना त्याच्याकडे.’’ काल मी बघितलं. तुझ्या बापाची हनुवटी मी अजून डोळे मिटून ओळखते. बाळ जन्मलं तेव्हा ती मला त्याच्या तोंडावर दिसली होती. काल दिसली नाही. मी त्याला खाली ठेवलं आणि पेटीतून जाड घोंगडी काढली, दर्ग्यात गार असतं म्हणून. ती हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. सफियाला हे माहीत नाही. तू शब्द पाठवू नकोस, स्वतः ये.

तुझीच,
यम्मा