घंटा झाली ते गाडी सुटली

प्रिय ताई,

आधी वाच, मग शिव्या दे. तुझी सही मी मारली. हुबेहूब, शेवटच्या शेपटीसकट. अग्निशमन दलाच्या मोठ्या ऑफिसात तुझ्या नावाने अर्ज टाकलाय, की गादीवाल्या काकांच्या कारखान्याला आग लागली त्या दिवसाच्या वर्दीची, म्हणजे आगीचा फोन आल्याची नोंद मिळावी. माझ्या आडनावावरून तिथे लगेच कळलं असतं की हा त्याच बंबाच्या ड्रायव्हरचा मुलगा. तुझं आता आडनाव वेगळं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ताई स्वतः का नाही आल्या? मी म्हटलं, बाळंतीण आहे. मुलगा की मुलगी? म्हटलं, जुळं. सॉरी, तोंडातून निघून गेलं.

आई फोनवर तुला सगळं ठीक आहे म्हणते ना, ते साफ खोटं. बाबांना बंबावरून उतरवलंय. काकांचा हात भाजला, ते बरे होतायत, पण कारखान्याचा कोळसा झाला. त्यांनी तक्रार केली की बंब उशिरा आला. चौकशी संपेपर्यंत बाबा स्टेशनवर पाइप धुतात. नोकरी राहते की जाते, कुणीच सांगत नाही. घरी येऊन जेवतात नि लगेच अंथरूण घालतात. मी मुद्दाम पाणी सांडलं तरी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं गं.

त्या दुपारी मी डबा द्यायला गेलो होतो. तुला माहितीये, ड्युटीवर सगळ्यांचे बूट रांगेत उभे, वर पँट गुंडाळलेली, म्हणजे घंटा झाली की पाय घातला की पळाले. मी बाबांच्या उजव्या बुटात घरच्या ताज्या पेपरचा बोळा कोंबला. पार टोकापर्यंत. वाटलं, संध्याकाळी घालतील, फजिती होईल, आपण हसू. फाटकाशी पोचतो तोच घंटा. बाबा एका पायावर नाचत होते, आणि ताई, मी हसलो. खरंच हसलो. मग त्यांनी बूट भिरकावला आणि एका अनवाणी पायाने गाडीवर चढले.

घरी आले तेव्हा तळवा लालभडक. एवढंच म्हणाले, "आजचा पेपर कुठे गेला रे?" आणि पाय धुवायला गेले. नंतर त्यांच्या गाडीवरचे मिशीकाका सांगत होते, साहेबांनी उशिराचं कारण विचारलं तर तुझा बाप म्हणाला, "माझ्यामुळे."

उत्तर तुझ्या पत्त्यावर येणार, म्हणून हे पत्र. पाकीट भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस. आत दोन वेळा असतील, वर्दी कधी आली आणि गाडी कधी सुटली. मधलं अंतर मला कळव. मी बाबांचे जुने बूट माळ्यावरून काढून घड्याळ लावून घालून बघतोय, बोळ्यासकट, बोळ्याशिवाय. दर वेळी वेगळंच येतं. उशीर रस्त्यात झाला असेल तर तो कागद बाबांना वाचवेल. बुटात झाला असेल तर मीच साहेबांकडे जाऊन सांगेन. तोवर कुणाला बोलू नकोस, पाया पडतो तुझ्या. आईला नाही, भाऊजींना तर नाहीच. बाबांना सगळं माहितीये. पण त्यांना माहितीये हे मला कळलंय, तेवढं मात्र त्यांना सांगू नकोस.

तुझंच,
कार्टं