डोनट आणि बाबांचे मार्क

रविवार, ३ मार्च

चिंगीनं सकाळी सकाळी घरात भांडण लावलं! "आई, आपल्या गावात सगळ्यात भारी डोनट कुठे मिळतो?" शाळेच्या भित्तिपत्रकात लिहायचंय म्हणे. नवरा म्हणाला, बसस्थानकाजवळ. मी म्हटलं, छट्, आमच्या हॉस्पिटलसमोर. तो म्हणाला, तुला हॉस्पिटलपलीकडे जग माहीत आहे का? दहा वर्षांची पोरगी मधे बसून मजा बघत होती.

संध्याकाळी आई-बाबा आले. आई म्हणाली, "मधोमध भोक पाडलेल्या वस्तूवरून एवढा वाद?"

शेवटी ठरलं. दर रविवारी एकेक दुकान. पाचही जणांनी जायचं. खायचं सगळ्यांनी, मार्क मात्र फक्त बाबांनी द्यायचे. अपील नाही. कारण बाबा म्हणजे बाबा! बिस्किटांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं चव तपासायला होते. बिस्कीट नुसतं नाकाशी धरून कुठल्या भट्टीतलं ते सांगायचे. लहानपणी त्यांच्यासोबत लग्नाला जायची मला लाज वाटायची, यजमानांसमोर म्हणायचे, "तूप परवाचं आहे."

मला वाटलं, लगेच उडी मारतील. पण ते आधी चिंगीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. चिंगीसाठी."

रविवार, १० मार्च

पहिली स्वारी. नवऱ्याची गाडी म्हणजे गाडी शिकवायची गाडी, छपरावर 'शिकाऊ'ची पाटी. लोक लांबूनच वाट देतात. बाबा पुढे बसले. तिथे जादाचा ब्रेक आहे, आणि बाबांचा पाय काही स्वस्थ बसत नाही. तीनदा गचका. आईचा चष्मा दोनदा नाकावरून घसरला.

बसस्थानकाजवळचं दुकान. साखर लावलेला साधा डोनट. बाबांनी वास घेतला, एक घास खाल्ला, डोळे मिटले. मग उघडून आम्हा एकेकाकडे नीट बघितलं. अगदी पूर्वीसारखा रुबाब! "सहा."

"का?" चिंगी वही उघडून तयारच.

"बाहेरून खुसखुशीत, पण आत गेल्यावर विचार बदलतो."

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याचं लाडकं दुकान ना!

रविवार, १७ मार्च

आज दोन दुकानं. हॉस्पिटलसमोरच्याला सात. (माझं नाक वर!) मग बाजारातलं मोठं, काचेच्या कपाटांचं. चॉकलेटचा डोनट खाताना नवरा असा काही विरघळला की आई म्हणाली, "लग्नात माझ्या पोरीकडे तरी असं बघितलं होतंत का?" बाबांनी साडेसात दिले.

आईच्या नाकाच्या शेंड्याला पांढरी साखर लागली होती. कुणीही सांगितलं नाही. घरी आरशात बघितल्यावर तिनं आमचा सगळ्यांचा उद्धार केला.

भांडी आवरताना मला हळूच म्हणते, "दोन महिने झाले, ह्यांनी माझ्या स्वयंपाकाला एकदाही नाव ठेवलं नाही. जानेवारीतल्या तापानंतर माणूस सुधारलाच गं!" इतकी खूश होती.

बुधवार, २० मार्च

आज एक्स-रे काढताना एका पोराच्या पोटात बटण सापडलं. फोटोत अगदी स्पष्ट, चार भोकांसकट. चिंगीला सांगितलं. ती म्हणाली, "डोनटपेक्षा तीन जास्त."

रविवार, २४ मार्च

पुलाखालचं नवीन दुकान. एक बाई एकटीच चालवते. बाबांची ख्याती तिच्या कानावर कुठून गेली कोण जाणे, हात पुसत आमच्या टेबलाशीच येऊन उभी राहिली. परीक्षेला बसल्यासारखी.

पहिला घास घेतला. तेल खवट! कितीदा तळलेलं असेल देवाला ठाऊक. पण बाई समोर. काय करणार? मी हसले. नवरा मान डोलवत राहिला. आईनं "वा" म्हणून निम्मा डोनट रुमालात गुंडाळला. चिंगीनंसुद्धा गिळला. आम्ही इतके सभ्य कधीपासून झालो?

बाबांनी आमच्याकडे बघितलं. एकेकाकडे. आणि टेबलावर थाप मारली. "नऊ! आत्तापर्यंतचा एक नंबर!"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

गाडीत बाबाच एकटे बोलत होते.

सोमवार, २५ मार्च

चिंगी शाळेतून आली ती फुगूनच. "तो डोनट घाण होता. मी एक नंबर लिहू? खोटं लिहू?" मी म्हटलं, आजोबांचं चुकलं असेल. तर म्हणते, "आजोबांचं चुकत नाही. तूच म्हणतेस."

नवरा म्हणाला, बाईवर दया आली असेल त्यांना. दया? बाबांना? ज्यांनी माझ्या साखरपुड्याच्या मिठाईला चार दिले, त्यांना?

मंगळवार, २६ मार्च

कामावरून थेट त्यांच्याकडे गेले. आई बाहेर गेली होती. बाबा खिडकीत बसून रेडिओ उघडून दुरुस्त करत होते. म्हणजे बिघडवत होते.

मी सरळ विचारलं, "बाबा, परवाचं तेल खवट होतं. तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. पण बाई बिचारी..."

"बाबा."

स्क्रू शोधायला लागले. हातातच होता.

मग म्हणाले, "ताप आला होता ना जानेवारीत. त्यानंतर वास येतच नाही. कशाचाच नाही. गोड आहे, खारट आहे एवढं समजतं. बाकी ओला कापूस."

"मग मार्क?"

"तुमची तोंडं बघून देतो." आणि हसले! "जावईबापूंचा चेहरा फार उपयोगी आहे गं. छापील निकालच. पण परवा तुम्ही सगळ्यांनीच मला फसवलंत."

मलाही हसू आलं. त्याच हसण्यात रडूही आलं. म्हटलं, इतके दिवस सांगितलं का नाही?

स्क्रू खाली ठेवून म्हणाले, "माझ्याकडे दुसरं होतं काय? नाकच होतं."

मी दिवसभर लोकांच्या छातीचे, पायाचे, पोटाचे फोटो काढते. गिळलेलं बटण शोधून देते. आणि आपला बाप समोर बसून कापूस खातोय हे दिसलं नाही. शाब्बास माझी!

बुधवार, २७ मार्च

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सुधारले नव्हतेच तर." आणि आत जाऊन उगीचच कपाट आवरत बसली.

शुक्रवार, २९ मार्च

नाक-कान-घशाचा डॉक्टर. फार तरुण. बाबांनी आधी त्याचीच तपासणी केली, कुठे शिकलास, किती वर्षं झाली. तो म्हणाला, वास परत येईल किंवा येणार नाही, खात्री देता येत नाही. रोज दोनदा लवंग, लिंबू, कॉफी आणि निलगिरीचं तेल हुंगायचं. एकेक, शांतपणे, त्या वासाची आठवण काढत. नाकाचा व्यायाम!

बाबा म्हणाले, "उठाबशा काढायला सांगितल्या नाहीत, नशीब."

रविवार, ३१ मार्च

आज स्वारी रद्द, असं आम्ही मोठ्यांनी ठरवलं होतं. पण दहा वाजता बघते तर बाबा दारात, इस्त्रीचा शर्ट घालून. "काय, आज डोनट नाही?"

चिंगीला कालच सगळं सांगितलं होतं. ती वही घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "आजोबा, मी चव सांगीन. तुम्ही मार्क द्या. पण तोंडं बघायची नाहीत."

शाळेमागच्या दुकानात बाबा खरंच भिंतीकडे तोंड करून बसले. चिंगी घास चघळत सांगत होती. "हा... उशीसारखा आहे. नवीन नाही, आपल्या नेहमीच्या उशीसारखा. वरचं लिंबू आधी ओरडतं आणि मग सॉरी म्हणतं."

"आणि शेवटी? घास गिळल्यावर?"

"शेवटी परत पाहिजे असं वाटतं."

"आठ," बाबा म्हणाले. मग भिंतीकडे बघतच, "पोरीला चव आहे."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. तारखेसकट.

रविवार, ७ एप्रिल

बाबा म्हणाले, आधी पुलाखाली चला. मला वाटलं, गाडीतून नुसतं बघतील. नाही. उतरले, आत गेले. आम्ही मागे.

बाई हसत पुढे आली. तिनं 'नऊ' असं लिहून काउंटरवर चिकटवलं होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाबा म्हणाले, "बाई, ते नऊ मी चुकून दिले. तुमचं तेल खवट होतं. मला वास येत नाही, हे मी लपवलं. माझ्या घरच्यांना येतो, पण ते पडले भिडस्त."

डॉक्टर सोडला तर परक्या माणसासमोर पहिल्यांदाच म्हणाले. ताठ उभे राहून.

बाई लाल झाली. म्हणाली, "तेल महाग आहे हो आजोबा." मग एकदम, "पण आधी कुणी सांगितलं का नाही? महिन्याभरात गिऱ्हाईक निम्मं झालं!" हे मात्र आमच्याकडे बघून. आम्ही चौघं चपला न्याहाळत होतो.

कागद तिनंच काढला. बाबा तिच्याशी अर्धा तास बोलत होते: आच किती ठेवायची, पीठ किती वेळ फुगू द्यायचं, तेल कधी टाकून द्यायचं. कारखान्यातला माणूस दिसला मला, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी.

रविवार, २८ एप्रिल

भित्तिपत्रक लागलं. पहिला नंबर शाळेमागचं दुकान. खाली लिहिलंय: "चव: मी. मार्क: आजोबा. ड्रायव्हर: बाबा. तक्रारी: आजी." माझं नाव कुठेच नाही! विचारलं तर म्हणते, "तू काय केलंस? खाल्लंस फक्त."

रविवार, १९ मे

पुलाखाली गेलो होतो. आता तिचे डोनट खरंच चांगले झालेत. नवरा विरघळला. बाबा हसले, पण पूर्ण घास खाल्ला नाही. परत येताना म्हणाले, "लवंग आणि कॉफी, दोन्ही एकच. नुसती हवा." ब्रेकवर पायही ठेवला नाही आज. गाडी इतकी सुरळीत चालली की मला नको झालं.

बुधवार, २९ मे

बाबांनी नाकाचा व्यायाम सोडला, आई सांगत होती. बाटल्या तिनं पुसून परत टेबलावर मांडल्यात.

मंगळवार, ४ जून

सकाळी आई-बाबांकडे. स्वयंपाकघरात आई आणि मी गप्पांत. दूध गॅसवर, विसरलेलं. बाहेरच्या खोलीतून बाबा ओरडले, "अगं, लक्ष कुठंय? काहीतरी करपतंय!"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. गॅस बंद करायला कुणीच उठलं नाही.