सात फुटांचा रिकामा ओटा

मी, मंदा अजय निंबकर, वय एकोणसाठ, मूळ गाव सांगली, सध्या राहणार महबूला, कुवेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. मंगळवारी माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. परंतु त्यांच्या टेबलावर तीन उष्टे कप आणि अर्धे सँडविच मी पाहिले आहे, म्हणून ही तजवीज.

१. सांगलीचा फ्लॅट व माझ्या नावची ठेव माझे पती अजय यांना मिळावी. ते नसल्यास मुलगी अक्षरा हिला. यात वादाला जागा नाही.

२. दागिने अक्षराला. ती म्हणते, "मॉम, आय डोन्ट वेअर गोल्ड." तरी तिलाच.

३. एअर फ्रायर, टोस्टर आणि ज्यूसर बेडरूमच्या कपाटात साड्यांखाली आहेत. अजय यांनी ते सेलमध्ये हौसेने आणले. ओट्यावर एकालाही जागा मिळाली नाही. तिन्ही त्यांनाच द्यावेत. माझ्या पश्चात ते ओट्यावर मांडायला हरकत नाही. हरकत घ्यायला मी नसेन, एवढाच याचा अर्थ. मसाल्याचे सहा मजली स्टँड मात्र नणंदेला कुरियरने परत करावे. तिने ते मला खिजवायलाच दिले होते.

४. नारळ खवायची एक विळी सौ. फातिमा मुनव्वर परकार, मूळ गाव दापोली, यांना द्यावी. ही विळी माझी नाही, म्हणून खुलासा करते.

२००४ ते २००७ महबूलाच्या याच फ्लॅटमध्ये आम्ही दोन कुटुंबे राहत होतो. एकट्याला भाडे झेपत नव्हते. खोल्या दोन, स्वयंपाकघर एक, ओटा सात फूट. सकाळी फातिमाची पाळी, बारापासून माझी. पाळी संपली की ओटा रिकामा, हा नियम मी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला होता. फातिमा हसायची. "मंदाबाय, ओटा काय नुसता बघायला हाय?" पण नियम पाळायची. तिच्या हातची सुरमई अजय मिटक्या मारत खायचे, आणि ताटली पुसून परत ठेवायची मी.

ऑगस्टमधला एक गुरुवार. बाराला मी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर अर्धी चिरलेली मासळी, सांडलेली हळद आणि अर्धा खवलेला नारळ. फातिमाच्या खोलीचे दार बंद. मी सगळे एका परातीत भरले आणि बाहेर जिन्यात नेऊन ठेवले. उन्हाळा कुवेतचा होता. जिन्यात मांजरे होती. मग ओटा दोनदा साबणाने धुतला आणि मला फार समाधान वाटले.

संध्याकाळी फातिमा मुलाला घेऊन परतली. तीन वर्षांच्या फैजानला तापात झटका आला होता. फातिमा हातातले टाकून, हळदीच्या हातांनी त्याला उचलून हॉस्पिटलला धावली होती. मुलगा वाचला. जिन्यातली परात तिने पाहिली. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

"दार वाजवलंस?" तिने विचारले.

"वाजवलं," मी म्हणाले.

वाजवले नव्हते. हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

महिन्याभरात ती फरवानियाला राहायला गेली. जाताना म्हणाली, "ओटा तुझा. ठेव रिकामा." आणि मी ठेवला. अठरा वर्षे. येणाऱ्या बायका त्याचे फोटो काढतात. जेवायला थांबत नाहीत, कारण त्यांना ताट कुठे ठेवावे ते कळत नाही. विळी तिच्याकडून सिंकखाली राहून गेली. मीही परत केली नाही. त्यासाठी फोन करावा लागला असता.

५. आज कलम ४ रद्द करीत आहे. कारण असे: पूर्ण पत्ता हवा म्हणून मी बुधवारी फातिमाला फोन केला. कारण ऐकून ती म्हणाली, "अगो, माझीच विळी मला तू मेल्यावर देणार? शुक्रवारी येते."

आज ती आली. हे कागद वाचले. दार न वाजवल्याची ओळ तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं. वाजवलं असतंस तरी ते उघडून रिकामी खोली दिसली असती."

मी पदर डोळ्यांना लावला. तिने विळी मागितली, ओट्यावर ठेवली, पिशवीतून नारळ काढला. मला म्हणाली, "रड, पण तांदूळ धू."

अजय यांच्या ऑफिसातले गुरुप्रसाद सह्यांसाठी आले होते. ते म्हणाले, "ज्यांना वस्तू मिळते, त्यांनी साक्षीदार होऊ नये." फातिमा मला म्हणाली, "मग काढ माझं नाव. वस्तू मिळाली. सही मीच करणार."

६. ओट्याबाबत कोणतीही सूचना नाही.

स्थळ: महबूला, कुवेत
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) मंदा अजय निंबकर

साक्षीदार १: (सही) गुरुप्रसाद विठ्ठल शेणॉय. माझ्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार २: (सही) फातिमा मुनव्वर परकार. माझ्यासमक्ष सही झाली. मंदाबाय शुद्धीवर आहेत. आजपासून.