हवेत थांबलेला तंतू

सोलापूर,
सोमवार, ६ नोव्हेंबर १९७८

प्रिय शिवयोगी,

तुझा फोटो पोचला. यंत्रात हवेतच अधांतरी थांबलेला पाण्याचा थेंब आणि त्याच्याकडे कौतुकानं बघणारा तू. अप्पांकडे तू इतक्या कौतुकानं कधी बघितल्याचं आठवत नाही, पण असो. अप्पांनी फोटो खिशात घालून मिलमध्ये नेला आणि कापूस पिंजायच्या सगळ्या कार्डिंग खात्याला दाखवून आणला.

कॉलेजात शिकताना तू त्यांना प्रयोगशाळेत नेलंस, तेव्हा मीही होते. त्यांच्याच सदऱ्यावरचा कापसाचा तंतू चिमटीत धरून तू दोन चकत्यांमध्ये सोडलास. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजावर तो तिथंच थांबला. तो हलू नये म्हणून अप्पांनी श्वास रोखून धरला होता. तू छाती फुगवून म्हणालास, असंच मोठं यंत्र करीन, मिलमधली धूळ हवेतच धरीन. घरी येताना अप्पा खुशीत होते. "मिलच्या आवाजानं माझं कान खाल्लं की," म्हणाले, "आता त्योच राबंल आमच्यासाठी."

आता रविवारची सुट्टी संपवून खात्यात पाऊल टाकलं की त्यांची छाती आवळते. आजही जिन्यात मधेच बसले. डॉक्टर म्हणतात, धुळीतून बाहेर काढा, नाहीतर पुढे काही हातात राहणार नाही. मिलनं फाटकावरचं काम देऊ केलंय, पण ती जागा महिनाअखेरपर्यंतच मोकळी ठेवणार आहेत. अप्पा ऐकत नाहीत. "शिवयोगीचं यंत्र आल्यावर खात्यात दावायला मी नको व्हय?" असं मलाच विचारतात.

मला तू खरं काय ते लिहिलंस. आवाज एखादा थेंब धरतो, आख्खं खातं नाही, आणि शेजारी कुणी खोकलं तरी तो थेंब पडतो. अप्पांना मात्र दर पत्रात 'काम चालू आहे'. त्यांच्या डोळ्यांतला तुझा मोठेपणा तुला सोडवत नाही, दुसरं काय! मी सांगितलं, तर "तुला काय कळतंय" म्हणून मलाच गप्प केलं त्यांनी.

म्हणून हे पत्र. यंत्र होणार नाही, असं तुझ्या हातानं त्यांना लिही, आणि हे पत्र मिळेल त्याच दिवशी टाक. तुझा मान जाईल, जाऊ दे. त्यांना वाईट वाटेल, रडतीलही. पण फाटकावर बसून रडतील. तिथली हवा बरी आहे.

तुझीच, अजून तरी,
नागव्वा अक्का