उपदेश तयार, लागूकरण बाकी

३१ मार्च, सोम.
आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब रजेवर. रविवारचा उपदेश माझ्याकडं. सेमिनरीचं तोंड न पाहिलेल्या, मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाकडं, ते पण ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या दिवसांत! ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यात, मंडळी भरलेली असणार.
विषय: पेत्राचा नकार. मुद्दे तीनच. एक, येशूला धरून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र लांबून मागं चालला. दोन, परक्यांच्या विस्तवाशी बसला. तीन, 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला. मग लागूकरण, म्हणजे ऐकणाऱ्यावर आणून सोडायचं: उद्या तुला विचारलं, तू ख्रिस्ताचा का, तर काय सांगशील? इथं आवाज चढवायचा. आणि थांबायचं.

२ एप्रिल, बुध.
येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून तपासली. लोक बिनधास्त सांगतात, दासीनं तीनदा विचारलं. साफ चूक. पहिल्यांदा दासी, हे चौघांत आहे. दुसऱ्यांदा मत्तयात दुसरी दासी, मार्कात तीच, लूकात पुरुष. कोळशाचा विस्तव फक्त योहानात. शिकलेले पाळक एवढं बघत नाहीत.
दुसरा मुद्दा अजून लांबतोय. छाटायला हवा.

३ एप्रिल, गुरु.
 
दुकानातून जेवायला आलो तर सगुणाच्या कपाळाला कुंकू. लग्नाला एवढी वर्षं झाली, कधी पाहिलं नाही. भिंतीवर मी रंधा मारून केलेला सागवानी क्रूस नाही. कोनाड्यात शेजारच्या मालनबाईंच्या देव्हाऱ्यातली तसबीर.
"पडताळणीचे साहेब आलते," म्हणाली. "इचारलं, तुमी ख्रिश्चन हाव का? म्या म्हनलं, न्हाई."
क्रूस पिठाच्या डब्यात. मालनबाईंनी निरोप आणला, साहेब गल्लीत विचारत फिरतायत, तेवढ्या वेळात सगळं उरकलं.
आमच्या पोरीची, रूथची, नर्सची सरकारी नोकरी राखीव जागेवर. जातीची पडताळणी झाली तरच हजर करून घेणार. कागदावर ती रूपाली, धर्म हिंदू. मंडळीत रूथ. आमच्यात आजोबांपासून असंच; ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते. मी कधी खोटं बोललो नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

तोच दिवस, संध्याकाळी
भिंतीकडे आत्ता नीट बघितलं. क्रूस काढला तिथं चुना उजळ राहिलाय. हुबेहूब क्रूस.
"साहेबांनी इचारलं ना, इथं काय व्हतं. म्या म्हनलं, घड्याळ."
घड्याळ! आडव्या हातांचं?
"मग काय म्हणाले?"
"काय न्हाई. लिव्हून घेतलं. सोमवारी तुमचा जबाब घ्याया येनार हायत."

४ एप्रिल, शुक्र.
 जेवताना मीच म्हणालो, की रविवारी मी पेत्रावर बोलणार, आणि तू...
"पेत्राला पोरगी व्हती का?"
सासू होती, शास्त्रात आहे. पोरगी होती की नाही, चारही ठिकाणी काही नाही. परत तपासलं.

५ एप्रिल, शनि.
यहोशवामामा गाण्यांचे क्रमांक घ्यायला आले. मंडळीतले वडीलधारे, प्रभुभोजनाची भाकर यांच्या हातून मिळते. आडून विचारलं, कुणाकडं असली चौकशी झाली का हो.
"आमच्याकडं थोरल्याच्या येळी आलती की. म्या म्हनलो, साहेब, चाली लई गोड असत्यात, म्हनून भजनाला जातो." आणि खळखळून हसले. "तोंड असं का केलंस रं? तुला काय वाटलं, पोरं फुकट मास्तर झाली?"
चहा तसाच राहिला. एवढी वर्षं या माणसाच्या शेजारी उभं राहून प्रार्थना केली.
नवा विषय घ्यावा का? उधळ्या पुत्राचा दृष्टांत पाठ आहे. पण मग तेही पळणंच.

६ एप्रिल, रवि.
पेत्रच घेतला. पहिला मुद्दा उत्तम. दुसऱ्याला मंडळी खिळलेली. तिसऱ्याला वर पाहिलं, तर बायकांच्या बाजूला सगुणा, मोकळ्या कपाळानं, थेट माझ्याकडं बघत. मामांची नजर मात्र गाण्याच्या पुस्तकात. आणखी किती जण खाली बघत होते, ते मोजायचं धाडस झालं नाही.
लागूकरण नाही केलं. ज्याचं उत्तर मलाच माहीत नाही, ते कुणाच्या तोंडावर फेकू? "प्रार्थना करू या," म्हणालो. लोकांना वाटलं, गहिवरलो. बाहेर दोघांनी हात धरून सांगितलं, भाऊ, आजचा सगळ्यात भारी.
लाज वाटली.

७ एप्रिल, सोम.
रूथ सकाळच्या गाडीनं आली. मला वाटलं, रडेल. नाही.
"पप्पा, हो म्हणालात तर माझी नोकरी गेली. नाही म्हणालात तर तुम्ही पुन्हा त्या मंचावर चढणार नाही, मला माहितीये. मी तुम्हाला काहीच सांगणार नाही."
"मग आलीस कशाला?"
"तुम्ही एकटे नको म्हणून."
सगुणानं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय.  
जबाबासाठी चार वाक्यं तयार केली होती, सगळी सरळ, सगळी अर्धी खरी. एक एक खोडली.
दारात मोटारसायकल थांबली. मालनबाईंचा आवाज, "घरीच हायत, साहेब."
रूथ माझ्या बाजूला येऊन बसली.